अडतीस वाटे

वाळूवर दोन रांगा उभ्या राहिल्या तेव्हा सकाळचे सात वाजले होते. माझ्या गळ्यात शिट्टी होती आणि हातात कंपनीचा कर्णा. दोन्ही दोरांवर पुढे आमच्या वाडीतली माणसं होती, मांड्यांपर्यंत पाण्यात भिजलेली. त्यांच्या मागे पुण्या-नाशकाकडचे पाहुणे, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून, एकमेकांना हसत.

"मी शिट्टी वाजवली की ओढायचं," मी कर्ण्यातून सांगितलं. "फोटो मग. आधी मासे."

पाहुणे हसले. भिकूआबा हसला नाही. तो आमच्या रापणीचा म्होरक्या. सत्तरीचा, कमरेला फडकं गुंडाळलेला, समुद्रावरची नजर न काढता उभा राहणारा माणूस. रापण ओढायला शिट्टी लागते हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असणार.

रापण म्हणजे काय हे मी आयुष्यात इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन. होडीतून जाळं अर्धगोल सोडत नेतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि मग दोन रांगा ते ओढत ओढत हळूहळू एकमेकींजवळ येतात. दोन-अडीच तास लागतात. ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो कुठलाही असो, कोणीही असो. हे शेवटचं वाक्य मी फार रंगवून सांगायचो. त्या दिवशीही बसमध्ये सांगितलं होतं. आमच्या गावच्या चांगुलपणाबद्दल लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरची ही गोष्ट. आमचा जिल्हा पर्यटन जिल्हा झाला होता आणि ज्याला त्याला तळकोकण बघायचं होतं. मी पुण्याच्या एका सहल कंपनीकडे तीन हंगाम रोजावर वाटाड्याचं काम करत होतो. पावसाळ्यात काम नसायचं, हंगामात मी घरी नसायचो, म्हणून बायको बहुतेक वर्षभर माहेरीच राहायची, आणि सासरे माझ्याकडे बघून नुसते पान चघळायचे. त्या खेपेला मालकांचा भाचा तुंगारे बसमधून आला होता. आमच्या वाडीची रापण सहलीच्या ठरलेल्या कार्यक्रमात घ्यायची की नाही हे तो बघणार होता. घेतली तर मला बारमाही नोकरी मिळणार होती. तसं त्याने मला सावंतवाडीच्या स्टँडवर चहा पिताना सरळ सांगितलं होतं.

चार दिवस आधी मी भिकूआबाला जाऊन भेटलो होतो. तो होडीच्या सावलीत जाळं शिवत बसला होता. वाडीत हातच उरले नव्हते. जी पोरं धडधाकट होती ती ट्रॉलरवर नाहीतर गोव्याच्या हॉटेलांत. राहिली होती ती बावीस माणसं, त्यातली निम्मी बायका, त्यातल्या निम्म्या विधवा. एवढ्या हातांनी मोठी रापण किनाऱ्याला येत नाही. दिवाळीपासून जाळं टाकलंच नव्हतं. वाडीतल्या चुलींवर त्या वर्षी विकतची सुकट शिजत होती, आणि समुद्र दारात. मी आबाला म्हटलं की चाळीसेक माणसं मी आणतो, हौसेने ओढतील, त्यांना एक आठवण होईल आणि तुझं जाळं बाहेर येईल.

त्याने सुई थांबवली.

"मगे त्यांका वाटो दिवक लागतलो," तो म्हणाला.

"आबा, त्यांका माशे नको आसत. गंमत म्हणान येतत ते."

"हात लागतलो मां दोराक?"

मी म्हटलं, ते नंतर बघू. मला वाटलं म्हातारा बोलायचं म्हणून बोलतोय. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही, मी मनात बायकोला पत्र लिहीत होतो.

तर शिट्टी वाजली आणि ओढणं सुरू झालं. पहिली दहा मिनिटं कॅमेरेच जास्त चालले. लोक आळीपाळीने दोर धरत, तोंड वाकडं करून जोर लावल्याचं दाखवत, फोटो झाला की बाजूला होत. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होतो. शहाळी आली का, कोणाची चप्पल वाहून गेली, कोणाला उन्हाचा त्रास, तुंगारेला खुर्ची. पण अर्ध्या तासाने एक वेगळीच गोष्ट झाली. लोकांना दोराचं वजन कळलं. मागे समुद्र ओढतोय हे हाताला कळलं की माणूस आपोआप गप्प होतो. वीसेक पाहुणे खरंच ओढायला लागले. बाकीचेही अधूनमधून येऊन हात लावून जात होते.

माझी भागीमावशी दक्षिणेकडच्या दोरावर होती. आईची धाकटी बहीण. नवरा बुडून गेल्यापासून तिचं सगळं या वाट्यावर चालायचं. त्यातलं थोडं खायचं, थोडं वाळवायचं, उरलं तर बाजारात. तिच्या मागे नाशिकच्या प्रधानबाई होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका, साडीचा काचा मारलेल्या. मावशीने त्यांना दोर काखेत कसा घ्यायचा आणि मागे मागे कसं चालायचं ते दाखवलं. एकीचं बोलणं दुसरीला कळत नव्हतं, पण दोघी अडीच तास एका चालीत चालल्या. मधे मी मावशीजवळून गेलो तेव्हा ती म्हणाली, दुपारचा जेवक ये. मी बरं म्हटलं आणि पळालो.

साडेनवाला तुंगारेने घड्याळ दाखवलं. दहाला निघायचं होतं. तेवढ्यात जाळ्याची पिशवी उथळ पाण्यात आली आणि पाणी उसळायला लागलं. पाहुण्यांनी आरडाओरडा केला. भिकूआबाने मात्र एका नजरेत बघून घेतलं. तीन हारे, म्हणजे मोठ्या टोपल्या, भरतील एवढी मासळी, बहुतेक तारली, थोडे बांगडे. बावीस जणांना बरी, आठवड्याची निभावणी. मलाही ते दिसलं. लहानपणी याच वाळूवर मी मासळी बघून आईच्या चेहऱ्याचा अंदाज करायला शिकलो होतो.

आबा माझ्याकडे आला. "तुझी माणसां किती?"

"अडतीस. पण आबा, निम्म्यांनी फोटोपुरतो हात लावलो."

"लागलो मां?"

"लागलो."

"त्यांचे हात नाय, तर जाळा नाय," तो म्हणाला आणि बायकांना वाटे घालायला सांगायला गेला.

तुंगारेने आधीच बजावलं होतं की नव्या एसी बसमध्ये मासळीचा वास आला तर ड्रायव्हर गाडी हलवणार नाही आणि मालक मला दारात उभं करणार नाहीत. मला एक युक्ती सुचली. पाहुणे किनाऱ्यावर नसले की वाट्याचा प्रश्न येणार नाही. मी शिट्टी वाजवली आणि कर्ण्यातून सगळ्यांना बसकडे पिटाळलं. पाय धुवायला पाणी बसपाशी आहे, म्हणून सांगितलं. ते होतं सुरूच्या बनापलीकडे, रस्त्यावर. मी सगळ्यांत शेवटी निघालो. मागे बघितलं नाही.

पंधरा मिनिटांनी लोक पाय धुऊन, सँडल झटकून बसमध्ये चढायला लागले, तर बनातून बायका येताना दिसल्या. डोक्यावर हारे. पुढे भिकूआबा. त्याने रस्त्याच्या कडेला, सुरूच्या सावलीत, पडलेली पानं पायाने सारखी केली आणि बायकांनी वाटे मांडायला सुरुवात केली. एक बांगडा आणि मूठभर तारली. त्याच्या शेजारी दुसरा, पुन्हा एक बांगडा आणि मूठभर तारली. कोणाला मोठा बांगडा गेला की आबा वाकून बदलायचा. रांग बसच्या मागच्या चाकापासून पुढच्या दारापर्यंत आली आणि तिथून पुढेही गेली.

पाहुणे खिडक्यांतून बघत होते. कोणी फोटो काढला. एकजण म्हणाला, "अरे वा, आमचेपण?" आणि त्याच्या बायकोने त्याला खाली बसवलं. ड्रायव्हर दारात आडवा उभा राहून म्हणाला की एक मासा आत आला तर तो चावी टाकून घरी जाईल. तुंगारे माझ्याकडे बघत होता. मी काय करतो हे त्याला बघायचं होतं.

प्रधानबाई खाली उतरल्या. त्यांच्या दोन्ही तळव्यांना दोराचे लाल वळ आले होते.

"अहो, आम्ही तर खात नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण त्यांनी एवढं मांडलंय. न घेता गेलं तर चालेल ना?"

मी या वाडीत जन्मलो. वाटा न नेता कोणी किनाऱ्यावरून गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या वाट्याला कोणी हात लावलेलाही पाहिला नव्हता. तान्ह्या पोराला घेऊन कोणी बाई दोर धरायची, पोराचं बोट दोराला लागायचं, तर पोराचा म्हणून एक तारली वेगळी ठेवायचे. आणि ती बाई जाऊन परत येईपर्यंत ती तारली तिथेच असायची. हे सगळं मला ठाऊक होतं.

"चालेल," मी म्हटलं.

त्या चढल्या. मी भिकूआबाजवळ गेलो. तो बसच्या दाराकडे बघत होता, लोक उतरतील म्हणून. मी त्याला खरं सांगू शकलो असतो. दोन वाक्यांचं काम होतं. पण बस गुरगुरत होती, तुंगारे बघत होता आणि मला कोणाशीही वाद नको होता. मी दमलो होतो, आबा. हे मी आज म्हणतोय, तेव्हा हेही म्हटलं नाही.

"आबा, आता घाई आसा," मी म्हटलं. "दुपारी गाडी परत येतली. तेव्हा नेतले."

"नेतले?"

"नेतले."

त्याने मान हलवली. मी दारात उडी मारली आणि बस निघाली. तुंगारेने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला की माणसं सांभाळायची तुमची हातोटी आहे. मी कर्णा उचलून पुढच्या ठिकाणाची माहिती सांगायला लागलो.

देऊळ झालं, मग लाकडी खेळण्यांची दुकानं झाली, मग पाहुणे हॉटेलवर जेवून झोपले. तुंगारे म्हणाला की नोकरीचं पत्र पुण्याला गेलो की टाकतो, आता काळजी करू नका. मला आनंद झाला, होय, झाला. नाही म्हणून खोटं कशाला बोलू. बायकोला सांगायचं होतं, पण ती माहेरी, म्हणून मावशीलाच सांगावं असं ठरवून मी हॉटेलच्या माळ्याची सायकल घेतली आणि वाडीकडे निघालो. दोन वाजून गेले होते. डांबर तापलं होतं.

सुरूच्या बनाजवळ आलो आणि ब्रेक दाबले.

वाटे होते तिथेच होते, अडतीसच्या अडतीस. त्यांच्यावर भिजवलेली गोणपाटं पसरली होती. सावली सरकली होती, म्हणून आबाने वरून सुरूच्या फांद्या तोडून आडव्या टाकल्या होत्या. तो स्वतः मधोमध उन्हात बसला होता, हातात एक फांदी. झाडावर कावळे होते. एखादा खाली उतरला की आबा उठायचा, फांदी हलवायचा, परत बसायचा. शेजारी एक घागर होती. समुद्राचं पाणी आणून आणून त्याने गोणपाटं ओली ठेवली होती. समुद्र तिथून दोनशे पावलं तरी असेल, आणि ते सगळं वाळूतून.

"इलंस?" तो म्हणाला आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं. "गाडी खंय?"

मी सायकल झाडाला टेकवली. ती पडली. परत उचलून टेकवली.

"गाडी येवची नाय, आबा."

"मगे उद्या?"

"उद्याय नाय."

त्याने एका गोणपाटाची कड उचलली, खालचा बांगडा हातात घेतला, पोट दाबून बघितलं, परत ठेवला. गोणपाट सारखं केलं.

"मगे माका बसयलंस कित्याक?"

तो रागावला नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी पण ओरडलो असतो. वाऱ्याबरोबर मासळीचा वास यायला लागला होता. मला त्याचा चेहरा बघवेना, म्हणून काहीतरी चांगलं बोलावं, काहीतरी द्यावं असं वाटलं. माझ्याजवळ द्यायला काय होतं?

"आबा," मी म्हटलं, "निदान माझो वाटो तरी भागीमावशीक दी. माका नको."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे बघितलं.

"तुझो? तुझो हात खंय लागलो?"

कितीतरी वर्षं मी हे वाक्य टोमणा म्हणून आठवत राहिलो, आणि त्यामुळे आबावर रागही धरला. पण तो टोमणा नव्हता. आबा खरंच विचारत होता. अडीच तासांत मी कुठे दोर धरलेला असला आणि त्याच्या नजरेतून ते सुटलेलं असलं, तर माझा वाटा द्यायचा राहून गेला असता. उन्हात चार तास बसूनही त्या माणसाला ही काळजी होती.

मी आठवून बघितलं. खरंच बघितलं. शिट्टी, कर्णा, शहाळी, खुर्ची.

"नाय लागलो," मी म्हटलं.

"मगे," आबा म्हणाला आणि गोणपाटं उचलायला लागला.

त्याने सगळे वाटे दोन हाऱ्यांत भरले. मी हात लावायला गेलो तर त्याने हाताने नको म्हणून खूण केली, तीही सहजच, जड नाही एवढंच सांगायला. एक हारा डोक्यावर, मग परत येऊन दुसरा. मी बनाच्या कडेला उभा राहून बघत होतो. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्याने ती मासळी समुद्रात सोडून दिली. घारी आल्या. रिकामा हारा धुऊन तो होडीकडे गेला आणि जाळं वाळत घालायला लागला.

नोकरी मला मिळाली. पंचवीस वर्षं केली. कंपनीने रापण दुसऱ्या एका किनाऱ्यावर ठरवली, छोटं जाळं, तासाभरात उरकणारी, वाट्याबिट्याची भानगड नाही, ओढणाऱ्याला एक शहाळं. तिथेही मी कर्ण्यातून तेच सांगायचो, फक्त वाट्याचं वाक्य गाळून. आमच्या वाडीत त्यानंतर रापण एकदाच पडली. पाहुण्यांच्या दिवशीचा एवढासा वाटा बघून पाच-सहा जण पुढच्या वेळी दोरावर आलेच नाहीत, आणि उरलेल्या हातांना जाळं आलं नाही. शिमग्यानंतर होडी विकली. आबा माझ्याशी नेहमीसारखाच बोलायचा. बायको कशी आसा, आणि पुढे मुलगी झाल्यावर, चेडू केदवा शाळेत जाता, एवढंच. मीच मग वाडीत जाणं कमी केलं. बारमाही नोकरीत सवड कुठे मिळते, असं म्हणायची सोय होती.

त्या दुपारी मात्र मी मावशीकडे गेलो. जेवायला बोलावलं होतं आणि भूक लागली होती. तेही खरंच. बनातून येईपर्यंत मला वाटत होतं की घास उतरणार नाही, पण तिच्या दारात तिरफळाचा वास आला आणि पोट बोललं. अंगणात फडक्यावर मूठभर तारली मीठ लावून वाळत घातली होती, वर जुन्या जाळ्याचा तुकडा. मावशीने पाट मांडला.

नोकरीचं सांगितलं तर तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिच्या तळव्याला सकाळच्या दोराचं सुंब टोचत होतं. वाटे मांडायला ती बनात आली नव्हती. मग ती म्हणाली, त्या नाशकाच्या बाईन बरो दोर ओढल्यान हां, तिका वाटो आवडलो मां?

"आवडलो," मी म्हटलं.

"बरा झाला," ती म्हणाली आणि भात वाढला. त्यावर कालवण घातलं, आणि डावाने शोधून, सावकाश, शेपूट तुटणार नाही असा बांगडा माझ्या ताटात ठेवला.

"खा. थंड जाता."

वाट्यात एकच बांगडा होता हे मला ठाऊक होतं. मी तो खाल्ला.